दिवसाढवळ्या सांगितलेली गोष्ट

कासाब्लांका, ६ ऑक्टोबर

हन्ना,

तुझ्या नातीने, सुंदुसने, तुझे दोन्ही हात इथूनच कपाळाला लावले असं समज. शहरात सगळे आजीला आजी म्हणतात, मी अजून हन्नाच म्हणते. तू फोन उचलत नाहीस. बाबा म्हणाले, मशिदीतल्या साक्षरतेच्या वर्गाला जायला लागल्यापासून तू जाहीर केलंयस की ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने लिहून बोलावं. म्हणून लिहिते.

मी अडचणीत आहे. माझ्या 'अंजिराखालचं राज्य' मालिकेचे पाच भाग मुलांनी डोक्यावर घेतले, हे तुला ठाऊक आहे. सहावा आणि शेवटचा छापायला गेला होता, तो थांबवलाय. राबातच्या प्रोफेसर लमरीनी नावाच्या गृहस्थांनी पेपरात दोन पानं भरून लिहिलं की ही मालिका म्हणजे जुन्या पोथ्यांचं गाठोडं सोडून नव्या दोरीने बांधलेलं. एकूण एकतीस उचलेगिऱ्या त्यांनी शोधल्यात. प्रकाशकांनी तिघांची समिती बसवलीय, त्यात प्रोफेसर स्वतः आहेत. चोवीस नोव्हेंबरला निकाल. चोरी ठरली तर सहावा भाग निघणार नाही, आणि पुढे मला कुठला प्रकाशक दारात उभं करणार नाही.

हन्ना, त्या पोथ्या मी उघडूनही पाहिलेल्या नाहीत. मी सगळं तुझ्याकडून ऐकलं. मी सहा वर्षांची होते, तू जेलाब्यांची, त्या पायघोळ झग्यांची, रेशमी बटणं विणत बसायचीस आणि मी तुझ्या पायाशी. एवढंच तू कागदावर लिही, वॉर्डाच्या कचेरीत जाऊन सहीवर शिक्का मारून घे आणि पाठव. मजकूर मी तयार केलाय: "मी, यामना, राहणार सफ्रू, असे जाहीर करते की माझी नात सहा वर्षांची असताना एका उन्हाळ्यात या गोष्टी मी तिला स्वतः, दुपारच्या वेळी सांगितल्या."

तुझीच,
सुंदुस

सफ्रू, १७ ऑक्टोबर

सुंदुस,

पत्र पोचलं. अक्षर म्हणजे कोंबडीने माती उकरावी तसं. मी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिकायला बसले तरी माझा अलिफ ताठ उभा राहतो. तुझा विद्यापीठात जाऊन वाकला.

फोन उचलत नाही त्याचं कारण असं की फोनवर खोटं बोलायला सोपं जातं. कागदावर मला एकेक अक्षर जुळवावं लागतं, तोवर खोट्याचा दम निघून जातो.

सही करणार नाही. 'दुपारच्या वेळी' खोड आणि 'रात्री' लिही, मग बघू. तुझ्या आईने तुला काही शिकवलं की नाही? गोष्ट दिवसा सांगितली की सांगणारीच्या पोरांना टक्कल पडतं. माझे तिन्ही मुलगे, तुझा बाप धरून, उकडून सोललेल्या अंड्यासारखे आहेत. हा तामोचा प्रताप, असं मी अख्ख्या गावाला अठ्ठावीस वर्षं सांगत आलेय. तामो म्हणजे माझी नणंद, तुझ्या आजोबांची बहीण, मागच्या गल्लीत राहते ती. आम्ही बायका माझ्या अंगणात बटणं विणत बसलो होतो, तेव्हा तिने भर दुपारी राक्षसिणीची गोष्ट सांगितली. अंगण माझं होतं म्हणून शाप माझ्या घराला लागला. तुझ्या बापाचा शेवटचा केस गेला त्या दिवशी मी तिच्याशी बोलणं टाकलं.

आणि आता मी सरकारी कचेरीत उभी राहून शिक्का मारून घेऊ, की दिवसा सांगणारी बाई मीच?

'रात्री' म्हणायला तुझं काय जातं. अंधार सगळ्यांचाच असतो.

तुझी पुस्तकं मी आता कुठे वाचायला घेतलीत. पहिला भाग अकरा दिवस चालला, बोट ठेवून. सात दरवाजे आणि सातवा उघडायचा नाही, हेही पोथीतून चोरलं म्हणतील? आमच्या गल्लीतल्या हमामलाही सात दरवाजे आहेत आणि सातवा कायम बंद. त्याच्यावर कुणी पेपरात लिहिलेलं मी पाहिलं नाही. तुझ्या प्रोफेसरची यादी पाठव. चोरी आहे की नाही ते मी बघते.

यामना

कासाब्लांका, २२ ऑक्टोबर

हन्ना,

यादी सोबत आहे. एकतीस मुद्दे.

'रात्री' लिहिता येत नाही. त्या उन्हाळ्यात बाबा मला रोज ऊन उतरायच्या आत घेऊन जायचे, कारण तू कोंबड्या घरात झोपवायचीस आणि मला शिंका यायच्या. हे सगळ्यांना माहीत आहे. शिवाय मी पेपरवाल्यांना आधीच सांगून बसलेय की आजी दुपारी गोष्टी सांगायची. प्रोफेसरांनी ते कात्रण जपून ठेवलंय.

आणि हन्ना, रागावू नकोस, पण केस दिवसा गोष्ट सांगितल्याने जात नाहीत. ते रक्तात असतं. आजोबांना टक्कल असणारच.

तू सही केली नाहीस तर माझ्याकडे दुसरा साक्षीदार नाही.

सुंदुस

सफ्रू, ४ नोव्हेंबर

सुंदुस,

तुझ्या आजोबांचं डोकं मी चाळीस वर्षांच्या संसारात फेट्याशिवाय पाहिलं नाही. लग्नाच्या रात्रीही नाही. तेव्हा त्याच्यावर ढकलू नकोस, मेलेला माणूस उत्तर देत नाही.

पाचही भाग वाचून काढले. डोळ्यांतून पाणी येतंय, ते बारीक छपाईने. आता ऐक.

उसनं आणणं ही चोरी नाही. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलं तर वाटी परत करताना रिकामी पाठवायची नाही. दोन अंजिरं, चार ऑलिव्ह, काहीतरी घालायचं. रिकामी वाटी पाठवते तिला आमच्यात चोर म्हणतात. पीठ परत केलं असलं तरी. मी तुझे भाग त्याच वाटीने मोजले.

पहिला भाग. दरवाजे उसने. पण सातव्या दरवाज्यामागे तू राक्षसिणीची आई बसवलीस, आणि ती लेकीला टोमणे मारते की 'माणसं खाऊन खाऊन बघ कशी सुटलीस'. हे कुठल्या पोथीत असणं शक्य नाही, पोथ्या पुरुषांनी लिहिल्या. वाटी भरलेली.

दुसरा. उडणारा गालिचा उसना. पण तो कुबट वास मारतो आणि उन्हात वाळत घातल्याशिवाय उडत नाही, ते तुझं. भरलेली.

तिसरा. राजपुत्र विहिरीत उतरतो, भाऊ दोर कापतात, गरुड वर आणतो. हे जसंच्या तसं माझं, मध्ये मी खोकले होते तो खोकलाही तू लिहिलास. एक दाणा घातला नाहीस. ही रिकामी वाटी. इथे प्रोफेसर बरोबर आहे आणि तू गप्प बसावंस.

चौथा, पाचवा बरे. पाचव्यात कोंबड्यांना शिव्या घालणारी एक म्हातारी आहे, तिला तू शेवटी विहिरीत ढकललीस. ती कोण हे मला कळलंय. त्याचं नंतर बघू.

आता यादी. प्रोफेसर मोठा नीटस माणूस दिसतो, तीस मुद्द्यांपुढे पोथीचं नाव आणि पान लिहिलंय. पण एकतिसाव्यापुढे पान नाही. एकतिसावा म्हणजे: राक्षसिणीने मसुराची आमटी खाल्ली की तिला उचकी लागते, आणि दर उचकीला तोंडातून एक खरी गोष्ट निसटते, म्हणून मसूर खाल्ल्या दिवशी ती कुणाला फसवून खाऊ शकत नाही. प्रोफेसर लिहितो, 'हेही उघड उघड जुन्यातून उचललेले.' कुठल्या जुन्यातून? पान सांगा म्हणावं.

माझ्या सहीचा आग्रह सोड. आधीच वर्गात माझे हाल चाललेत. बाईंनी, म्हणजे उस्तादा नज्हाने, पत्रलेखनासाठी जोड्या लावल्या आणि माझी जोडी तामोशी लावली. अठ्ठावीस वर्षं मी त्या बाईकडे पाहिलं नाही, माझी निळी वाटी तिच्याकडे पडलीय तीही मागितली नाही, आणि आता तिने मला पत्र लिहायचं म्हणे, दहापैकी गुण मिळणार. मी म्हटलं, "बाई, मला शून्य द्या." उस्तादा म्हणते, "शून्य तुम्हाला आधीच येतं, यामनाबाई, आता पुढचं शिका."

यामना

सफ्रू, ८ नोव्हेंबर
(वर्गपाठ. विषय: एक आठवण. किमान दहा ओळी.)

यामना, माझ्या भावाच्या बायको,

हे मी गुणांसाठी लिहितेय, तुझ्यासाठी नाही.

सोमवारी तू वाचनाच्या सरावाला प्रोफेसराची यादी घेतलीस आणि एकतिसावा मुद्दा वर्गात मोठ्याने वाचलास. मसूर आणि उचकी. मला आठवण झाली, म्हणून विषय हाच.

तुझा पहिला, द्रीस, दीड वर्षाचा होता. मसूर तोंडात घेतला की तुझ्याच जेलाब्यावर थुंकायचा. आपण सहा जणी तुझ्या अंगणात बटणं विणत होतो. डोक्यावर ऊन होतं, दुपारची बांग नुकतीच झाली होती. तू त्याच्यापुढे चमचा धरलास आणि म्हणालीस, "एक राक्षसीण होती, ती मसूर खायची." उचकीचं तू तिथल्या तिथे रचलंस. त्याआधी ते कुणी ऐकलं नव्हतं. मी गोष्ट सांगितली नाही, यामना. मी फक्त हसले. इतकी हसले की सुई बोटात गेली. त्याचा डाग अजून आहे, हवा तर बघ.

विहिरीपाशी बतूल बसली होती. त्याच वर्षी ऑलिव्ह उतरल्यावर तिचं लग्न झालं आणि ती फेजला गेली. लमरीनींच्या घरात.

माझ्या चार मुलांच्या डोक्यावर केरसुणीसारखे केस आहेत. तू बेरीज शिकलीस, मांडून बघ.

दहाच्या वर ओळी झाल्या. निळी वाटी माझ्याकडे आहे. तू मागितली नाहीस, मी दिली नाही.

तामो

सफ्रू, १२ नोव्हेंबर

सुंदुस,

आज दुपारी मसूर खाल्लेत. तेव्हा लिहिते.

तामोचा वर्गपाठ सोबत घातलाय, आधी तो वाच. तामो खरं बोलते. गोष्ट मी सांगितली. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, पोर उपाशी होतं आणि सूर्य मावळायला सहा तास होते, तोवर काय त्याला तसंच ठेवू? मग मुलगे मोठे झाले, एकेकाचं कपाळ मागे मागे सरकायला लागलं, आणि प्रत्येक केसासोबत मला वाटायचं की आता लोक विचारतील, दिवसा कोण बोललं होतं? म्हणून आधी मीच ओरडले. तामो माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर मी कधीच हरले असते.

तुला मी दुपारी सांगितल्या, त्याचं कारण वेगळं. आदल्याच वर्षी तिघांचे केस संपले होते. म्हटलं, आता दिवसा सांगून आणखी काय जाणार.

शिक्का मारून आणलाय, कागद सोबत आहे. पण तुझा मजकूर मी फाडला, माझा लिहिलाय. कचेरीत तीस माणसांची रांग होती. खिडकीतल्या कारकुनाने कागद घेतला आणि वाचायला लागला. मनातल्या मनात वाचायचं त्याला कुणी शिकवलं नसावं.

"'मी, यामना, दोन वेळा दिवसा गोष्टी सांगितल्या,'" तो म्हणाला. "लल्ला यामना, दिवसा?"

"दिवसा. मार शिक्का."

"'पहिल्या वेळी, माझ्या अंगणात, मसूर आणि उचकीची गोष्ट मी स्वतः रचली. माझ्या नणंदेने, तामोने, गोष्ट सांगितली नाही, ती फक्त हसली.'" मग त्याने चष्मा वर केला. "हे नणंदेचं कशाला? समितीला त्याचं काय?"

"समितीला काही नाही. पण शिक्का तोच पुरतो की दोन वेळा यावं लागेल?"

मागून खाटीक हम्मूची बायको म्हणाली, "म्हणजे द्रीसचं टक्कल तुमचं होय, खाला यामना?"

"तिघांचंही माझंच," मी म्हटलं. "आता तुझ्या नवऱ्याच्या वजनकाट्याबद्दल काही बोलायचंय का, रांग आहेच जमलेली."

ती रांगेत दोन माणसं मागे सरकली. मी घरी पोचायच्या आत गावाला सगळं कळलं होतं. शेजारच्या भिंतीवरचं मांजरही माझ्याकडे वेगळं बघत होतं.

आता तू दोन कामं कर. एक, तिसरा भाग रिकामी वाटी आहे हे समितीला तूच आधी सांग, त्यांनी सांगायच्या आत. दोन, प्रोफेसराला विचार, 'तुमच्या आईचं नाव काय?' पुरावा म्हणून तुझ्या बापाला आणि दोन्ही काकांना बरोबर पाठवते. तिघांनाही टोपी घालू देऊ नकोस.

यामना

राबात, २५ नोव्हेंबर

आदरणीय लल्ला यामना,

आपला परिचय नसताना लिहितो, क्षमा असावी. मी प्रोफेसर लमरीनी. एकतीस मुद्द्यांची यादी करणारा.

काल समिती बसली. सुंदुसबाईंनी आल्या आल्या सांगितले की तिसरा भाग ही रिकामी वाटी आहे. समितीच्या इतिवृत्तात वाटी कशी लिहावी यावर आमचा अर्धा तास गेला. मग त्यांनी आपला कागद वाचला. समोर आपले तीन चिरंजीव एका ओळीत बसले होते, खिडकीतला उजेड तिघांवर सारखा पडत होता. पुरावा मजबूत होता हे मान्य केले पाहिजे. मग सुंदुसबाईंनी मला माझ्या आईचे नाव विचारले.

माझ्या आईचे नाव बतूल. ती सफ्रूची. शाळेतून मी दुपारी जेवायला घरी यायचो आणि मसुराला तोंड लावायचो नाही, तेव्हा ती मला उचकी लागणाऱ्या राक्षसिणीची गोष्ट सांगायची. ती जाऊन वीस वर्षे झाली. त्या गोष्टीचे पान मी तेव्हापासून शोधतो आहे, फेजमधली एकही जुनी पोथी सोडली नाही. ते सापडले नाही. आणि एक दिवस माझ्या नातवाच्या हातातल्या रंगीत पुस्तकात ती गोष्ट दिसली. मला वाटले, माझ्या आईचे कुणीतरी चोरले. प्रोफेसर माणसाला राग आला की तो तळटिपा लिहितो. बाकीचे तीस मुद्दे मी त्या रागात जमवले. खरे सांगायचे तर ती तीस पाने एकमेकींतूनच उचललेली आहेत, पहिली कोणती हे मलाही सांगता येत नाही.

काल मी टोपी काढून टेबलावर ठेवली. आपले तीन आणि मी, चौघे झालो. द्रीसभाई म्हणाले, "बसा की आमच्या ओळीत." मी बसलो.

सहावा भाग छापायला गेला आहे. तिसऱ्याच्या पुढच्या आवृत्तीत गोष्ट कुणाची ते लिहिले जाईल. एकतिसाव्या मुद्द्यापुढे आता मी संदर्भ लिहिला आहे: 'यामना, सफ्रू, अंगण, दुपार.'

आपला,
लमरीनी

सफ्रू, १ डिसेंबर

सुंदुस,

तुझ्या प्रोफेसराचं पत्र आलं. अक्षर चांगलं आहे, बतूलचा मुलगा शोभतो. तिचीही बटणं अशीच एकसारखी असायची, जरा जास्तच. त्याला कळव की सफ्रूला ये, पण दुपारी ये आणि टोपी न घालता ये, म्हणजे गावात माझ्या तिघांकडेच बोट दाखवणं बंद होईल.

तिसऱ्या भागात माझं नाव घालतेयस ते ठीक, पण नावाने वाटी भरत नाही. त्या गरुडाला काहीतरी दे. राजपुत्राला पाठीवर घेऊन तो एवढा वर आला, आणि तू त्याला साधं पाणीही विचारलं नाहीस. मी सांगताना विसरले होते, तू लिहितानाही विसरलीस. पाचव्या भागातल्या म्हातारीला विहिरीतून काढ, नाहीतर पुढच्या खेपेला प्रोफेसराला बत्तिसावा मुद्दा मीच देईन.

वर्गात तामोला तिच्या पत्राचे दहापैकी नऊ मिळाले. मला तिला उत्तर लिहायचं होतं, मी तीन ओळी लिहिल्या, मला चार. उस्तादा म्हणाली, "यामनाबाई, माफी मागायला दहा ओळी लागतात." मी म्हटलं, "कचेरीत शिक्क्यासकट मागितली, ती धरा यात." तामो समोरच्या बाकावर होती. तिने वर पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते. ती हसली की तशीच हसते, साठ वर्षांपूर्वीही तशीच.

घरी आले तर उंबऱ्यावर माझी निळी वाटी. घासून लख्ख केलेली. रिकामी नव्हती. आत एक कंगवा होता.

मसूर शिजत टाकलेत. संध्याकाळी वाटी भरून तिच्याकडे पाठवते. खाऊ दे तिलाही, बघू उचकीला काय काय बाहेर येतं.

यामना